आधी पाऊल, मग वाकळ

आधी पायच हलतो, नीलव्वा. घे. लिहून दिलं.

तू असताना हे एकदा जरी माझ्या तोंडून निघालं असतं तर तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे. माझ्या कपाळाला हात लावून बघितला असतास आणि म्हणाली असतीस, "ताप-बिप न्हाय न्हवं आला?"

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. सह्या केल्या, पोरीच्या लग्नात पत्रिकांवर नावं घातली, त्यापलीकडं हातात पेन धरलं नाही. आता धरलंय तर लोक म्हणतील, बायको गेली आणि म्हातारा पायाचं काय घेऊन बसलाय. म्हणून त्यांना आधी आपलं भांडण सांगतो, मग तुझ्याशी बोलतो.

गोल्फ म्हणून एक खेळ आहे. माणूस काठी मागं नेतो, पार खांद्याच्या वर, आणि तिथून खाली आणून जमिनीवरचा बॉल मारतो. मागं कुणीही नेतं. खाली आणताना सगळं बिघडतं. त्या खाली आणण्याला साहेब लोक डाउनस्विंग म्हणतात. प्रश्न एवढाच, की खाली येताना आधी काय हलवायचं. मी म्हणायचो हात, तू म्हणायचीस पाय. ह्या एका गोष्टीवर आपण तीस-पस्तीस वर्षं भांडलो. लोक शेताच्या बांधावरून भांडतात. आपल्याकडं बांध नव्हता, मग हे घेतलं.

आणि तू तर आयुष्यात ती काठी हातात धरली नाहीस.

मी त्या मैदानावर माळी. मैदान म्हणजे तरी काय, शहराबाहेर बाभळींच्या मधे मुरूम. दुसऱ्या गावांत होलच्या भोवती हिरवंगार गवत असतं म्हणे. सोलापुरात माणसाला नळाचं पाणी येईना, गवताला कोण घालतंय? म्हणून आपल्याकडं वाळूत जळकं ऑईल कालवून होलभोवती गोल अंथरलेलं असायचं. ब्राऊन म्हणतात त्याला. त्यावर लाकडी फळी ओढून ते सपाट ठेवायचं हे माझं काम. संध्याकाळी घरी आलो की तू दारातूनच ओरडायचीस, "आत नगा येऊ, तितंच काडा कापडं." माझे कपडे तू कायम वेगळे धुतलेस, सोड्याच्या पाण्यात, दोन-दोन वेळा. तुझ्या बोटांच्या भेगांत ते काळं तेल शेवटपर्यंत होतं. ते माझं तेल. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. काय बोलणार होतो?

बदली होऊन जाताना एका साहेबांनी मला त्यांची जुनी काठी दिली. मी रिकाम्या मैदानावर मारायला लागलो, आणि माझा बॉल साहेबांच्या बॉलपेक्षा लांब जायला लागला. मग तेच विचारायला लागले, कसं मारतोस? मी म्हणायचो, देवळातल्या घंटेची दोरी खाली ओढतो तसं. हातानं ओढायचं, जोरात. त्यांना पटायचं. मला काका म्हणायला लागले. माळ्याचा मास्तर झाला.

खरं सांगतो, माझा स्वतःचा बॉल सुद्धा सरळ जायचा नाही. उजवीकडं वळायचा, बाभळीत. मी लबाड, मी आधीच डावीकडं तोंड करून मारायचो. वळून वळून बॉल मधे यायचा. बघणारा म्हणायचा, वा काका.

मैदानाच्या कडेलाच आपली खोली आणि खोलीशेजारी हौदाजवळ तुझा धुण्याचा दगड होता. क्लबच्या खोल्यांच्या चादरी तिथं, वस्तीतल्या बायकांच्या वाकळा तिथं. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर शिवून केलेलं अंथरूण. भिजली की रेडकाएवढी जड. हलक्या अंगाची बाई तू, कशी उचलायचीस ते मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी बघितलं. समोर एक इंजिनियर साहेब घामाघूम होऊन एकामागं एक बॉल बाभळीत घालत होते, मी शेजारी उभा राहून घंटा, घंटा करत होतो. ते दमून पाणी प्यायला गेले आणि तू दगडाजवळून हाक मारलीस.

"अवो, तुमचा सायेब हातानं धुतोय की."

"काय धुतोय?"

"त्येनं वाकळ धुतली तर कंबरंत उसण भरंल. हितं या, दावते."

"तुला काय कळतंय गं ह्यातलं? ती काठी हाय, वाकळ न्हवं."

"मागनं फुडं आनायचं हाय न्हवं? वजन हाय न्हवं? मग झालं की."

तू ओली वाकळ उजव्या खांद्यावरून मागं टाकलीस. डावं पाऊल जमिनीत दाबलंस. गुडघा पुढं गेला, कंबर फिरली, आणि हात सगळ्यांत शेवटी आले, जसे काही तुझे नव्हतेच, वाकळीनंच ओढून आणले. धप्प. माझा सदरा भिजला.

"आधी पाऊल रोवा. वाकळ आपोआप येती."

मी म्हटलं, "गप धू." आणि गेलो.

दुपारी मैदान ओस असतं. चप्पल उन्हात चिकटते. अशा वेळी मी काठी घेऊन लांबच्या कोपऱ्यात गेलो आणि पाऊल रोवून बघितलं. पहिला बॉल जमिनीला खाजवून गेला. दुसराही तसाच. तिसरा सरळ गेला. दोरी धरून नेल्यासारखा सरळ, आणि मी त्या दिवशी डावीकडं तोंड केलेलं नव्हतं.

घरी आलो तर तू भाकरी थापत होतीस. "उन्हात कुटं हुता?" विचारलंस. मी म्हणालो, "बाभळीतले बॉल गोळा करत हुतो." तेव्हाच सांगायचं होतं. भाकरी टम्म फुगली होती, तू खुशीत होतीस, एक वाक्य लागत होतं. मी शेंगाचटणी मागितली.

त्या रविवारी डॉक्टर आले. तेव्हा तरुण होते, नुकता दवाखाना घातला होता. त्यांचा बॉल कायम बाभळीत. मी म्हटलं, "डॉक्टर, हात विसरा. आधी पाऊल रोवा, वाकळ आपोआप येते." त्यांनी मारला, आणि लहान पोरासारखे ओरडले. मग विचारलं, "काका, हे वाकळीचं कुठून काढलंत?"

"असंच सुचलं," मी म्हणालो.

दोन शब्द. त्यानंतर ते मैदानभर झालं. "वाकळ येऊ दे रे." "आज माझी वाकळ अडकतेय." नवीन माणूस आला की जुने सांगायचे, काकांची वाकळ शिकून घे. कुठले कुठले साहेब बदली होऊन गेले, जाताना वाकळ घेऊन गेले. आणि एक दिवस तू माझा डबा घेऊन मैदानावर आलीस आणि ते ऐकलंस. डबा ठेवलास, पदर डोक्यावर घेतलास, गेलीस. संध्याकाळी ताट वाढून समोर बसलीस.

"सायबास्नी वाकळ कुनी शिकिवली?"

"मी."

"आनि मला तर म्हनता, हात आदी."

"हातच आदी. त्येंना समजावं म्हनून वाकळ म्हनलो."

तू माझ्याकडं बघितलंस. माझा घास तोंडात तसाच होता. मग म्हणालीस, "बरं." आणि मला अजून अर्धी भाकरी वाढलीस.

तू भांडली असतीस तर मी सुटलो असतो. तू बरं म्हणालीस, आणि मी अडकलो. त्या दिवसापासून मी मैदानावर पाय शिकवायचो आणि घरात हातासाठी भांडायचो. घरात पाय म्हटलं असतं तर तो पाय कुणाचा तेही कबूल करावं लागलं असतं. कुणी विचारलं नसतं, पण तुझ्या डोळ्यांसमोर ते म्हणायचं धाडस मला नव्हतं. ब्राऊनवर फळी ओढताना उन्हात पाठ भाजून निघाली तरी मी हटलो नाही, लोक मला टणक म्हणायचे. हे एवढं काही मला झालं नाही.

आणि तुला सगळं कळत होतं. नुसतं कळत नव्हतं, तू मजा घेत होतीस. सकाळी मी खाटेवरून उतरायला लागलो की आतून आवाज यायचा, "हातानं उतरा की, पाय कशाला हलीवताय?" एसटीत चढताना मागून, चार माणसांत, "आदी हात, आदी हात." अक्कलकोटला तुझ्या माहेरी तर तू तुझ्या भावांना कानडीत काहीतरी सांगितलंस आणि सगळे माझ्या पायांकडं बघून हसायला लागले. मी विचारलं काय सांगितलंस, तर म्हणालीस, "कुटं काय, जावाई लई हुशार हाय म्हनलं."

मी हसलो होतो त्यांच्याबरोबर. आतून लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. दोन्ही.

गेल्या वर्षी तुझ्या छातीत पाणी झालं. चार पावलं चाललीस की धाप. दगडाजवळ जाणं बंद झालं. मी तुझी खुर्ची दारात ठेवायचो, तिथून मैदान दिसतं. तू दिवसभर बॉल मारणारे बघायचीस आणि मी आलो की एकेकाचं उणं सांगायचीस. लाल टोपीवाला घाई करतो. तो जाडा मागंच पडतो. मी म्हणायचो, गप बस, दम लागेल. तू गप बसायची नाहीस.

शेवटचं भांडण तिथंच झालं. ते अर्धं राहिलंय, म्हणून ते इथं पुढं चालवतो.

तू म्हणालीस, "मी लई दिस झालं बगतीया. पाय बी आदी न्हाय."

मी चमकलो. इतक्या वर्षांनी तू माझ्या बाजूला आलीस की काय? "मग काय, हात?"

"हात न्हवं वो. आदी निल्लायचं." दम कमी पडला की तू कानडीवर यायचीस. निल्लायचं म्हणजे थांबायचं. "वाकळ वर ग्येली की तिच्यातलं पानी मागच्या टोकाला उतरतं. ते उतरू द्यायाचं. मग पाऊल. तुमी कुनीच थांबत न्हाय."

"थांबलं की ताकद मरती," मी म्हटलं. "काठीत काय पानी असतंय?"

"काठीत नसंल. मानसात असतंय की."

मला राग आला. "बसल्या जागी सुचतंय तुला," असं मी बोललो. आजारी माणसाला असं बोलू नये. तू म्हणालीस, "व्हय, बसूनच सुचतंय. तुमी बसा की एकदा." तेवढ्यात मैदानातून कुणीतरी हाक मारली आणि मी गेलो. पाचव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आलो तर तू खुर्चीत मान टाकली होतीस. कप माझ्या हातातच राहिला, पोरीनं येऊन तो काढून घेतला.

आपल्यात, लिंगायतांत, बसवून मूठमाती देतात. तुझ्या तळहातावर लिंग ठेवलं, कपाळभर विभूती लावली, मांडी घालून बसवलं. बेल वाहिला. स्वामींनी सांगितलं तसं मी सगळं केलं. खड्डा भरला तेव्हा मातीचा उंचवटा राहिला आणि माझे हात आपोआप फळी शोधायला लागले. सपाट करायची सवय. मी हात मागं बांधून उभा राहिलो.

मैदानावरची दहा-बारा माणसं आली होती. डॉक्टर आता माझ्यासारखेच पिकलेत. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "काकांनी आम्हा सगळ्यांना वाकळ शिकवली. काकू त्यांच्या पाठीशी होत्या म्हणून." आणि मग मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "काका, आज बोलू नये, पण आम्ही ठरवलंय. सरावाच्या जागी बोर्ड लावायचा. तुमचं वाक्य आणि खाली तुमचं नाव."

मी मान हलवली. हो म्हणून. तुझी माती ओली होती, माझ्या हाताला विभूती होती, आणि मी मान हलवली.

ते मला झोपू देईना.

चार दिवसांनी पोरीनं तुझं अंथरूण काढलं. म्हणाली, "आप्पा, ही वाकळ माझ्या मशीनमधी मावायची न्हाय, कुनाला तरी देऊन टाकू." मी म्हटलं, "मी धुतो." ती म्हणाली, "तुमी?" मी म्हटलं, "का, मास्तर हाय मी वाकळीचा."

हौदावर नेली, भिजवली. उचलली तर उचलेना. कशीबशी खांद्यावरून मागं टाकली आणि जोरात हातानं ओढली. घंटेसारखी. ओलं टोक गरकन फिरून माझ्या कानशिलात बसलं आणि कंबरेत उसण भरली. अगदी तू सांगितल्याप्रमाणं. मी दगडावर बसलो. आधी हसू आलं, लई हसलो. पुढचं लिहीत नाही.

मग उठलो. वाकळ मागं टाकली आणि तसाच उभा राहिलो, कारण कंबर दुखत होती, लगेच हलता येत नव्हतं. तेव्हा कळलं. पाठीमागं पाणी उतरतं. सरसर उतरतं, टोक जड होतं, आणि ते जड झालं की पाऊल आपणहून दाबलं जातं. धप्प.

एवढी वर्षं तू हे रोज करत होतीस आणि मी पंचवीस पावलांवर उभा राहून घंटा वाजवत होतो.

वाळली ती. संध्याकाळी अंथरली आणि नाक लावलं तर नुसता साबणाचा वास. तुझा गेला. मीच धुतला. तेवढं नको होतं करायला.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन मैदानावर गेलो. वर नेली, थांबलो, पाऊल रोवलं. एक बॉल बाभळीत गेला. एक जागच्या जागी उडाला. एक सरळ गेला. तीनात एक. म्हणून सांगतो, पायाचं मी पूर्ण मानलं, थांबण्याचं अजून पूर्ण मानलेलं नाही. वाकळीत पाणी असतं, काठीत नसतं, हे माझं म्हणणं कायम आहे. तू जे नंतर म्हणालीस, माणसात असतं, त्याचं उत्तर अजून सुचलेलं नाही.

तिथून तसाच डॉक्टरांकडं गेलो. ते बॉल मारत होते. मी म्हटलं, "डॉक्टर, त्या बोर्डावर माझं नाव नको."

"का हो काका? पेंटरला सांगूनसुद्धा झालं."

"वाकळ माजी न्हवं. हिची हाय."

"काकूंची?"

"तुमी विचारलं तवा मी म्हनलो, असंच सुचलं. खोटं बोललो. ती हौदावर वाकळ धुवायची, तिनं दावलं. मी तुमाला दिलं. माजं म्हनून."

डॉक्टर काठीवर दोन्ही हात टेकून हौदाकडं बघत राहिले. मला वाटलं आता हा माणूस मला काका म्हणायचा बंद होणार. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही सगळे तीस वर्षं काकूंचे विद्यार्थी. आणि त्यांना आम्ही साधा नमस्कार तरी केला का?"

"चादरी मोजून दिल्या," मी म्हटलं.

ते खाली बघायला लागले. मग विचारलं, "मग तुम्ही स्वतः काय शिकवलंत हो आम्हाला?"

"घंटा. ज्येंचा बॉल अजून बाभळीत जातो न्हवं, ते समदे माजे."

ते हसले, पण डोळे पुसत हसले. पेंटरला फोन लावला. नाव विचारलं, पूर्ण नाव काय लिहायचं. मी म्हटलं, नुसतं नीलव्वा लिहा. तुला आडनावानं कुणी हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही.

काल बोर्ड लागला. पांढऱ्यावर निळी अक्षरं. "आधी पाऊल रोवा, वाकळ आपोआप येते." खाली तुझं नाव. पेंटरनं नीलव्वाचा नी लई मोठा काढलाय, तू नावं ठेवली असतीस. लाल टोपीवाला तिथं उभा राहून वाचत होता. त्यानं विचारलं, "काका, ह्या नीलव्वा कोण?" मी सांगितलं, "माझी बायको. तुम्ही घाई करता म्हणायची." त्यानं टोपी काढली, परत घातली, आणि पुढचा बॉल जरा सावकाश मारला. कुठं गेला ते मी बघितलं नाही.

खुर्ची दारातच आहे. पोर म्हणाली आत घेऊ, मी नको म्हटलं. संध्याकाळी तिच्यात मी बसतो आणि मारणारे बघतो. तू म्हणाली होतीस, बसा की एकदा. बसलोय. इथून खरंच सगळ्यांचं उणं दिसतं.

घरात आता भांडायला दोन्हीकडून मलाच बोलावं लागतं. माझ्या बाजूनं दोन वाक्यं बोलतो, मग तुझ्या बाजूनं. आज सकाळी खाटेवरून उतरताना आतून कुणी काही म्हणेना. म्हणून मीच मोठ्यानं म्हटलं, "हातानं उतरा की." आणि थांबलो जरा. मग पाय खाली टाकला.